विश्रामबागमधला फिनिश क्लास: आकड्यांच्या बॅचचा रिव्ह्यू (सांगली-मिरजेच्या नर्सेससाठी मुद्दाम)

फिनलंडला जायची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणी मेसेज करून विचारतात की सांगलीत फिनिश भाषा कुठं नीट शिकवतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. क्लास विश्रामबागला, वालचंद कॉलेजच्या बाजूच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आहे, बोर्डवर नाव वगैरे काही नाही, नुसतं जर्मन, फ्रेंच, फिनिश एवढंच लिहिलंय. शिकवणाऱ्या मॅडम बरीच वर्षं फिनलंडमधल्या तांपेरे शहरात राहून आल्यात. बेसिक कोर्स आहेच, पण हा रिव्ह्यू त्यांच्या शनिवार-रविवारच्या आकड्यांच्या बॅचबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त कामाची तीच वाटली आणि तिच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं दिसलं नाही.

आधी हे सांगते की आकड्यांची वेगळी बॅच लागतेच कशाला. एक ते दहा कुठल्याही मोबाईल ॲपवर पाठ होतं की. युक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्यॅ, वीसी, झालं. मी पण एक ॲप बरेच दिवस वापरलं, त्यात आकडे म्हणून हेच, ऐका आणि चित्रावर टॅप करा. खरा प्रश्न पुढं सुरू होतो. फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत आणि नामाला जसे प्रत्यय लागतात तसे आकड्यालाही लागतात, म्हणजे वीसी हे नुसतं पाच, पण पाचात म्हणायचं तर वीदेस्सॅ, पाचपासून वीदेस्तॅ, पाचपर्यंत वीतेएन. बोलताना एकवेळ ठीक आहे, पण कागदावर शब्द कुठं असतो, तिथं ५ असतो, मग प्रत्यय लावायचा कुठं आणि किती? तर आकडा लिहायचा, त्याला चिकटून कोलन द्यायचा आणि कोलनपुढं फक्त प्रत्यय लिहायचा, मध्ये जागा अजिबात सोडायची नाही. ५:स्सॅ, ५:स्तॅ, ५:एन. शब्दातला बाकीचा बदल, म्हणजे वीसीचं वीदे होणं, हे सगळं आकड्याच्या पोटात गेलं, ते वाचणाऱ्यानं मनातल्या मनात भरून घ्यायचं.

आपल्याकडं पण हे थोडंफार आहेच की, फक्त शाळेत कुणी असं उलगडून सांगत नाही. गणिताच्या पुस्तकात ५ ने भागा असं छापलेलं असतं आणि आपण वाचताना पाचानं भागा असं वाचतो, तो मधला आ कागदावर कुठंच नसतो. मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर हे लिहून दाखवलं आणि म्हणल्या, तुम्हाला हे येतंय, फक्त आता कोलन टाकायला शिकायचंय. त्या एका वाक्यानं अख्ख्या बॅचची भीती गेली, खरं सांगते. परदेशी भाषा शिकवणारे बरेच लोक मराठीला हातच लावत नाहीत, सगळं इंग्रजीतून समजावतात आणि मग आपल्यासारख्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरींना दोनदा भाषांतर करावं लागतं, इथं तसं नाही.

आता शिकवायची पद्धत सांगते, कारण पैसे त्याचेच आहेत. त्यांचा नियम एकच, आधी तोंडानं, मग पेननं. फळ्यावर आकडा येतो, विभक्ती सांगतात, आणि पूर्ण शब्द मोठ्यानं म्हणल्याशिवाय कुणालाही लिहू देत नाहीत. सुरुवातीला हे फार हळू वाटतं, बाजूच्या खोलीत जर्मनवाले धडाधडा पुढं जात असतात आणि आपण अजून ८ वरच, पण कारण लगेच कळतं. कोलनपुढं काय लिहायचं हे त्या न लिहिलेल्या शब्दातल्या स्वरांवर ठरतं. फिनिशमध्ये स्वरांचे गट आहेत, एका शब्दात आ, ओ, ऊ असे स्वर असले तर प्रत्ययात पण आ येतो, नसले तर बॅटमधला ॲ येतो. काक्सीमध्ये आ आहे म्हणून २:स्सा, नेल्यॅमध्ये ॲ आहे म्हणून ४:स्सॅ. नुसत्या ४ कडं कितीही बघत बसलं तरी त्यात ॲ दिसणार नाही, तो तोंडातून आला तरच कळणार.

मॅडमचा एक तक्ता आहे, हातानं काढलेला, भिंतीवर लावलाय, जाड निळ्या मार्करनं. एका बाजूला २, ३, ६, ८, शंभर आणि हजार, यांना स्सा. दुसऱ्या बाजूला १, ४, ५, ७, ९, १०, यांना स्सॅ. मोठ्या संख्येत शेवटचा तुकडा बघायचा, म्हणजे २५ असेल तर पाचाचं चालतं म्हणून २५:स्सॅ, २८ असेल तर आठाचं म्हणून २८:स्सा. वीस, तीस, चाळीस, सगळ्यांच्या शेवटी क्युम्मेनेन म्हणजे दहा येतो म्हणून ते सगळे स्सॅवाले, दोनशे मात्र शंभराचा म्हणून स्सा. एवढं डोक्यात बसलं की अर्धी लढाई संपली. मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय, नाईटला वेळ मिळाला की बघते.

पण त्या तक्त्यात न मावणारी गोष्ट अकरा ते एकोणीसची, आणि ती त्यांनी इतकी छान शिकवली की तिच्यावर थोडं जास्त लिहिणार आहे. पंधरा म्हणजे वीसीतोइस्ता. यातला तोइस्ता कधीच बदलत नाही, प्रत्यय लागतो तो आधीच्या वीसीला. म्हणजे पंधरापर्यंत म्हणायचं तर वीतेएनतोइस्ता, प्रत्यय शब्दाच्या मधोमध. पण लिहिताना काय? लिहिताना १५:एन. म्हणजे तोंडात जो मधे आहे तो कागदावर शेवटी जातो! आमच्या बॅचमधली कुपवाडची एक पोरगी एकदम म्हणली, मॅडम हे चुकीचं नाही का, प्रत्यय भलतीकडंच गेला. मॅडम म्हणल्या, अगं आकड्याच्या मधे कोलन टाकणार का तू, १:एन५ असं? आणि मग त्यांनी बारा घेतला, काह्देस्सातोइस्ता, १२:स्सा, आणि लगेच पंधरा, वीदेस्सॅतोइस्ता, १५:स्सॅ. दोन्हीच्या शेवटी तोइस्ताच आहे, तरी प्रत्यय वेगळा, कारण स्वर आधीच्या तुकड्याचे बघायचे. हे कुठल्याही ॲपवर मला मिळालं नव्हतं. खूप वेळ आम्ही त्याच्यावरच होतो आणि एकीनंही घड्याळ बघितलं नाही.

दुसरी गोष्ट, उदाहरणं. पुस्तकातली हेलसिंकीच्या ट्रामची उदाहरणं आहेतच, पण मॅडम सांगलीची उदाहरणं घेतात. आयर्विन पुलाखालच्या पाण्याची पातळी. सांगलीच्या माणसाला ४० आणि ४५ हे आकडे सांगावे लागत नाहीत, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, पावसाळ्यात सकाळी उठलं की आधी तेच बघतो आपण. तर चाळीसवरून पंचेचाळीसवर, हे फिनिशमध्ये ४०:स्तॅ ४५:एन. लिहायला एवढुसं. आता वाचा, नेल्यॅस्तॅक्युम्मेनेस्तॅ नेल्यॅॲनक्युम्मेनेएनवीतेएन. चाळीसमधल्या चारालाही प्रत्यय, दहालाही प्रत्यय, पंचेचाळीसमध्ये चार, दहा, पाच तिघांनाही. आणि कागदावर शेवटी एकदाच. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं, तो आकडा घेतल्यावर खोली शांत झाली, कारण बॅचमधल्या निम्म्याजणींच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं, पण ५७:ॲॲन हे आता मी कधी विसरणार नाही, सात म्हणजे सेइत्सेमॅन, त्याला ॲॲन, पाचासारखं एन नाही.

आणि लगेच त्याच उदाहरणावर पुढचा नियम. फूट हा शब्द लिहिला तर काय? तर मग कोलनची गरजच नाही. ४० यालास्ता ४५ याल्काआन, प्रत्यय फुटाला लागलाय तो दिसतोय, मग आकडा मोकळा सोडायचा. म्हणजे पुढं नाम असेल आणि तेच विभक्ती दाखवत असेल तर आकड्याला कोलन लावत बसायचं नाही. आपल्यासारखंच वाटतं ना, आपण पण ५ खोल्यांत असं लिहितो, पाचाला काही लावत नाही. पण इथंच मराठी माणूस अडकतो आणि मॅडमनी ते बरोबर पकडलंय. आपण लिहितोही ५ खोल्यांत आणि वाचतोही पाच खोल्यांत. ते लिहितात ५ हुओनेएस्सा आणि वाचतात वीदेस्सॅ हुओनेएस्सा, कागदावर मोकळा दिसणारा आकडा तोंडात मात्र प्रत्यय घेऊन येतो. वर आणखी एक, खोली एकवचनातच राहते, खोल्या होत नाही. आणि क्रम उलटा केला, हुओनेएस्सा ५, तर ती खोली नंबर पाच, आणि आता वाचायचं हुओनेएस्सा वीसी, पाचाला काही लागत नाही. दोन शब्दांची अदलाबदल आणि अर्थ पाच खोल्यांवरून पाच नंबरच्या खोलीवर. वॉर्डात काम करणाऱ्याला यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको, पेशंट कुठं हलवायचा त्याचा प्रश्न आहे.

नर्सिंगची उदाहरणं पण भरपूर घेतात आणि ती अगदी आपल्या रोजच्या कामातली. ताप ३८ पर्यंत चढला, ३८:आन. ३९ पर्यंत चढला, ३९:ॲॲन. डोस ५ वरून १० मिलिग्रॅम करायचा, ५ एमजी:स्ता १० एमजी:आन, इथं कोलन युनिटच्या शॉर्ट फॉर्मला लागतो कारण मिलिग्राम्मा हा शब्द कागदावर पूर्ण नाही, आणि वाचताना परत आकडा आणि युनिट दोन्हीला प्रत्यय, वीदेस्तॅ मिल्लिग्राम्मास्ता क्युम्मेनेएन मिल्लिग्राम्माआन. टक्क्याच्या चिन्हाला पण असाच कोलन लागतो. तिकडं दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम वापरतात, अडीच म्हणजे २,५, आणि वेळ लिहिताना टिंब, ७.३०, हे औषधाच्या चार्टवर उलटं वाचलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. ड्युटी चार्टवर ७–१५ असं लिहिलेलं असतं, तिथं कोलन लावत नाहीत, नुसती आडवी रेघ, पण वाचताना सेइत्सेमॅस्तॅ वीतेएनतोइस्ता, म्हणजे सातपासून पंधरापर्यंत, ती रेघच दोन्ही प्रत्यय पोटात घेऊन बसलीय. हे कळल्यावर मला ड्युटी चार्टचे नमुने वाचायला आवडायला लागले, मोठ्यानं वाचते घरी, आई विचारते काय मंत्र म्हणतेस.

सालाचं सोपं आहे. वुओन्ना १९९५, म्हणजे १९९५ साली, सालाला काही लावायचं नाही, वर्ष या शब्दालाच लावायचं. यावर त्यांनी दिलेलं एक वाक्य मला फार आवडलं, सुओमि लीत्त्युइ एऊ:हुन वुओन्ना १९९५, फिनलंड १९९५ साली युरोपियन युनियनमध्ये गेला. एका वाक्यात शॉर्ट फॉर्मला कोलन लागलाय आणि साल मोकळं आहे. एऊच्या शेवटी ऊ म्हणून हुन, अक्षर जसं उच्चारतो तसा प्रत्यय. नव्वदचं दशक म्हणायचं तर कोलन नाही, छोटी रेघ येते, १९९०-लुवुल्ला.

आता जिथं कमी पडतात ते पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू कशाला म्हणायचं. पहिलं, दुसरं, तिसरं हे क्रमवाचक आकडे त्यांनी फार घाईत उरकले. तिकडं आकड्यापुढं टिंब दिलं की तो क्रम होतो, ३. म्हणजे तिसरा, आणि ३. केर्रोक्सेस्सा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, वाचायचं कोल्मान्नेस्सा केर्रोक्सेस्सा. नाम पुढं नसेल तर टिंबाच्या जागी कोलन येतो आणि प्रत्यय पण लांबडा, ३:न्नेस्सा. आपण ३रा, ४था, ५वा असं कसंही चिकटवून लिहितो, त्यामुळं आम्हाला हे नीट समजून घ्यायला वेळ हवा होता, पण सगळं एकाच शेवटच्या लेक्चरमध्ये कोंबलं, आणि ते संपेपर्यंत रात्री ड्युटी असणाऱ्या चारजणी उठून गेल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये मजले, वॉर्ड, तारखा सगळं क्रमानंच चालतं, त्याला एक अख्खा शनिवार द्यायलाच पाहिजे. मी मॅडमना बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या बॅचमध्ये बदल करतील असं म्हणल्यात.

नोट्सचा प्रॉब्लेम मोठा आहे. नोट्स स्वतः चांगल्या आहेत, पण वाटतात त्या झेरॉक्सची झेरॉक्स असतात आणि फिनिशमधला ॲ हे अक्षर इंग्रजी a वर दोन टिंबं देऊन लिहितात, ती टिंबं झेरॉक्सला उडतात. मग ५:स्सॅ आणि ५:स्सा सारखंच दिसतं, म्हणजे जे शिकायला आलोय नेमकं तेच कागदावरून गायब. काही पानांवर कोलनचं वरचं टिंब पण उडालंय, त्यामुळं तो कोलन आहे का क्रमवाचक टिंब हे कळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी मूळ प्रतीवरून परत काढून घेतल्या, तेव्हा कुठं नीट दिसल्या. क्लासनं हे स्वतःच करायला पाहिजे, फी घेतात तर तेवढं व्हायलाच हवं. मोबाईलवर टाईप करताना पण एक बघा, मराठी कीबोर्डवर कोलनऐवजी विसर्ग पडतो, दिसायला सेम, पण चिन्ह वेगळं, फिनिश माणसाला पाठवायला ते कोलन म्हणून चालणार नाही, आणि फिनिश कीबोर्ड टाकून घेतला तर प्रश्नच येत नाही.

फी जर्मनच्या क्लासएवढीच आहे, फिनिश शिकवणारं सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात दुसरं कुणी मला तरी सापडलं नाही, त्यामुळं जास्त वाटली नाही. वेळ मात्र नर्सेसच्या शिफ्टशी जुळत नाही, दुपारी दोनची बॅच म्हणजे मॉर्निंग ड्युटी संपवून मिरजेहून धावतपळत यायचं, हॅन्डओव्हरला उशीर झाला की पहिला अर्धा तास गेला. अडीचची केली तर सगळ्यांचं भलं होईल. रेकॉर्डिंग देत नाहीत, पण चुकलेला भाग विचारला तर मॅडम नंतर थांबून सांगतात, अगदी न कंटाळता.

परीक्षेच्या दृष्टीनं विचाराल तर वायकेआय (YKI) नावाची जी फिनिशची परीक्षा आहे तिच्यात सहा लेव्हल असतात आणि लिहायचा वेगळा भाग असतो, तिथं ईमेल वगैरे लिहायला आला की वेळ, तारीख, किंमत येणारच, म्हणून हे सगळं उपयोगी पडतं. हेलसिंकीत कोतुस म्हणून फिनिश भाषेची सरकारी संस्था आहे, १९७६ पासूनची, त्यांचे लिहिण्याचे नियम इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, फिनिशमध्येच आहेत पण आकड्यांची उदाहरणं बघून समजतं. मॅडम शंका आली की तेच उघडून दाखवतात, स्वतःचं मत रेटत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त पटलं. एकीनं विचारलं होतं की नुसतं ४५ लिहिलं तर नाही का चालणार, समजून घेतील की. मॅडम म्हणल्या, बाई, पाणी ४५ वरून उतरलं का ४५ वर चढलं हे वाचणाऱ्यानं कशावरून समजून घ्यायचं? सांगलीत बसून तू हे विचारतेस?

ज्यांना नुसतं टुरिस्ट म्हणून चार शब्द बोलायचेत त्यांनी या बॅचच्या वाटेला जाऊ नये, पैसे वाया जातील, बेसिक कोर्स पुरे. ज्यांना तिकडं नोकरीत चार्ट वाचायचाय, रिपोर्ट लिहायचाय, त्यांनी बेसिक झाल्या झाल्या ही करून टाका, मधे गॅप पडू देऊ नका. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा नोट्ससाठी कापला. नाव घालायला जाल तेव्हा दोन गोष्टी आधीच विचारून घ्या, क्रमवाचक आकड्यांना वेगळा दिवस आहे का, आणि नोट्स मूळ प्रिंटवरून देणार का. आणि पहिल्या दिवशी भिंतीजवळच्या बाकावर बसा, पंख्याखाली बसलात तर मागून तक्त्याची डावी बाजू दिसत नाही, २ आणि ८ दोन्ही तिकडंच आहेत.